दगडांचं काय शिकायचं?

‘जिऑलॉजी घेतलंय’ असं सांगितलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे भूगोल ना?’ दुसरा: ‘मग नोकरी कुठे?’ या दुसऱ्या प्रश्नाला बीएस्सीची मुलंही अडखळतात. पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी दरवर्षी विचारते, भूगर्भशास्त्रज्ञ नेमकं काय करतो? उत्तरात हातोडी येते, डोंगर येतो, फार तर तेलविहीर. डॉक्टर, इंजिनिअर नात्यागोत्यात असतात. भूगर्भशास्त्रज्ञ बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो.

आणि यातली बरीच मुलं अशा गावांतली, जिथे मार्च लागला की बोअरशिवाय दुसरा विषय नसतो. तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरणारा पाणाड्या मात्र सगळ्यांच्या ओळखीचा!

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. अखंड काळ्या पाषाणात पाणी थारा धरत नाही. ते सापडतं भेगांत, मुरमात, दोन थरांच्या सांध्यात. दुसऱ्या वर्षाला आम्ही मुलांना रेझिस्टिव्हिटी मीटर, म्हणजे जमीन विजेला किती अडवते हे मोजणारं यंत्र, घेऊन रानात नेतो. चार सळया एका ओळीत ठोकायच्या, कडेच्या दोन सळयांतून वीज सोडायची, मधल्या दोहोंत व्होल्टेज मोजायचं. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की वीज अधिक खोलवर उतरते. कोरडा, घट्ट खडक तिला अडवतो, ओला मुरूम वाट देतो. आकडा घसरला की ‘पाणी, पाणी’ म्हणून पोरं नाचायलाच लागतात. त्यांना थांबवावं लागतं, कारण चिकणमातीही आकडा असाच पाडते. म्हणून शेजारची विहीर बघायची, तिच्या कडेला थर कसे दिसतात ते वहीत काढायचं.

हे काम पगार घेऊन करणारी माणसं आहेत, राज्याच्या भूजल यंत्रणेत आणि केंद्रीय भूजल मंडळात. १८५१ सालापासून चालत आलेलं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे. मुंबईच्या मेट्रो ३ सारखा भुयारी मार्ग खणायचा तर आधी ड्रिलिंग करून खडकाचे दंडगोल नमुने काढतात. ते पेटीत ओळीने मांडून, १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडे किती निघाले हे कुणीतरी टेप लावून मोजतं. खडक किती भेगाळलाय याचा अंदाज त्यावरून येतो.

मुलांची भीती अगदीच खोटी नाही. सरकारी जागा थोड्या. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते, हे अनेकांना तिसऱ्या वर्षाला कळतं, तेव्हा घरी आणखी दोन वर्षांचा खर्च समजवायचा असतो. मुलगी असेल तर ‘रानावनात एकटी फिरणार का?’ हेही वर.

अशाच एका मुलीच्या वडिलांनी प्रवेशाच्या वेळी मला अर्धा तास सुनावलं होतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला: ‘बाई, दोन बोअर कोरडे गेले. ती तुमची सळयांची पेटी आठवडाभर देता का? पोरगी म्हणतेय, ती बघेल.’