खारवट जमिनीत मिरची कशी तग धरते

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील क्षारपड शिवारात उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर फुलला की धोका कुणालाही कळतो; मिरचीचे नुकसान मात्र तो थर दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते.

मातीतील क्षार तिच्या संपृक्त अर्काच्या, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याच्या, विद्युतवाहकतेवरून मोजतात. ही वाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानली जाते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या आणि आजही वापरल्या जाणाऱ्या कोष्टकानुसार बार्लीची सहनमर्यादा ८ आहे, तर मिरचीची अवघी १.५, त्यापुढे दर एककामागे मिरचीचे उत्पादन सुमारे १४ टक्क्यांनी घटते. म्हणजे जमिनीवर 'क्षारयुक्त' असा शिक्का बसेपर्यंत पिकाचा तिसरा हिस्सा हातचा गेलेला असतो. शिवाय आपल्याकडच्या माती परीक्षण अहवालात बहुधा माती जास्त पाण्यात कालवून घेतलेली वाहकता असते. पातळ द्रावणामुळे ती कमी भरते, म्हणून तो आकडा या कोष्टकाशी थेट ताडून पाहू नये.

झाडावर आघात दोन टप्प्यांत होतो. आधी खारट मातीतून पाणी ओढणे मुळांना जड जाते, त्यामुळे ओल असूनही वाढ खुंटते. पुढे सोडियम आणि क्लोराइड पानांत साचू लागतात, जुन्या पानांच्या कडा करपतात आणि फुले गळतात. फळाच्या टोकाकडे तपकिरी, चामड्यासारखा चट्टा दिसला, तर तो दर वेळी रोगाचाच असतो असे नाही. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि फळातून बाष्पोत्सर्जन कमी होत असल्याने त्याच्या वाट्याला ते मुळातच थोडे येते. पाणी ओढण्याचा वेग मंदावला की ही टंचाई फळाच्या टोकाला आधी भोवते.

अशा वेळी तग धरणारे झाड सोडियम सरसकट नाकारत नाही, तर तो कुठे राहील हे ठरवते. मुळांच्या पेशींच्या आवरणावरील एसओएस-१ हे प्रथिन सोडियम बाहेर ढकलते, आणि त्याला कामाला लावणारा संदेश कॅल्शियमच देते. आत शिरलेला काही सोडियम पेशीतील रिक्तिकेत (द्रवाने भरलेल्या पिशवीत) कोंडला जातो, तर प्रोलीन या अमिनो आम्लासारखी द्रव्ये पेशीतील पाणी टिकवायला मदत करतात. ढोबळ्या मिरचीवरील अभ्यासात तर सोडियम मुळांत आणि खोडाच्या बुडाशी असलेल्या गाभ्यात अडकून राहतो आणि पानांपर्यंत फारसा पोहोचत नाही, असे आढळले आहे.

सहनशीलतेचा मोठा वाटा जर मुळांत आणि खोडाच्या बुडाशी असेल, तर सगळे वाण बदलण्याऐवजी केवळ मूळ बदलणे अधिक शहाणपणाचे वाटते. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी क्षार सोसणाऱ्या मिरचीच्या खुंटावर बाजारात चालणाऱ्या वाणाचे कलम बांधून हीच दिशा धरली आहे.

शेतात मात्र क्षार मुळांपासून दूर ठेवणे हेच पहिले काम असते आणि निचऱ्याशिवाय ते टिकत नाही. सरी-वरंब्यावर क्षार वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतात, म्हणून रोप माथ्यावर न लावता बगलेला लावावे. ठिबकमध्ये ते ओलाव्याच्या कडेला साचतात. हलका पाऊस पडला की तेच क्षार पुन्हा मुळांकडे ढकलले जातात. म्हणूनच क्षारपड रानात पावसाची भुरभुर सुरू झाली तरी ठिबक लगेच बंद करू नये.