'डेप्रिकेटेड' म्हणजे नक्की काय? युटिलिटी लायब्रऱ्यांमधल्या एका शेऱ्याची पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीत दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण बसतो आणि ओपन सोर्स युटिलिटी लायब्रऱ्यांचं, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचांचं, डॉक्युमेंटेशन (वापराची माहिती) मराठीत आणतो. ॲरे (याद्या), स्ट्रिंग (मजकूर), तारखा अशा रोजच्या कामाची छोटी फंक्शनं, म्हणजे नाव देऊन ठेवलेले कोडचे तुकडे, आणि त्यांच्या डोक्यावरच्या कॉमेंट, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या टिपा. या कामात सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो 'डेप्रिकेटेड' या शब्दानं, म्हणजे फंक्शन अजून चालतं पण वापरू नका असं सांगणाऱ्या शेऱ्यानं. नवीन येणाऱ्यांना दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून हे टिपण.

मागचं थोडक्यात. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ मधलं. त्यात 'बग्ज' असा रकानाच होता आणि प्रोग्राममधले दोष तिथे सरळ मांडलेले असायचे. पण प्रोग्राम एकीकडे आणि माहिती दुसरीकडे. नव्वदच्या दशकात माहिती कोडच्याच फाइलमध्ये आली आणि त्यासाठीची साधनंही आली: पर्ल ५ या भाषेसोबत १९९४ मध्ये पॉड, जावा या भाषेसोबत १९९६ मध्ये जावाडॉक, १९९७ मध्ये डॉक्सिजन. फंक्शनच्या लगेच वर कॉमेंट लिहायची आणि त्यातूनच पानं तयार करायची, ही सवय तिथून लागली. जावास्क्रिप्टनं तोच साचा उचलला. २००९ मध्ये अंडरस्कोर आणि २०१२ मध्ये लोडॅश या जावास्क्रिप्टच्या युटिलिटी लायब्रऱ्या आल्या तोवर प्रत्येक फंक्शनला पॅरामीटर (त्याला काय द्यायचं), रिटर्न (त्यातून काय मिळतं) आणि एक उदाहरण द्यायचं, हे गृहीतच धरलं जात होतं.

'@डेप्रिकेटेड' हा कॉमेंटमध्ये लिहायचा टॅग (खूण) जावा १.१ मधला, म्हणजे १९९७ चा. मूळ लॅटिन धातूचा अर्थ विनवणी करून टाळणं असा आहे. म्हणजे ही लिहिणाऱ्यानं वापरणाऱ्याला केलेली विनंती आहे: फंक्शन चालतंय, पण नवीन कोडमध्ये घेऊ नका. विनंती कुठवर लांबते याचं उदाहरण जावातच आहे. थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम, थांबवणारं 'स्टॉप' हे फंक्शन १९९८ मध्ये डेप्रिकेटेड झालं आणि २०२३ मध्ये जावा २० येईपर्यंत काम करत राहिलं. आता ते बोलावलं तर एरर येते. मधल्या पंचवीस वर्षांत शेऱ्याची धार बोथट झाली. शेवटी २०१७ मध्ये जावा ९ नं वेगळी खूण आणली: हे नुसतं नको असलेलं नाही, हे खरोखर काढलं जाणार आहे. म्हणजे एकाच शब्दात दोन अर्थ कोंबले गेले होते, हे तिथे वीस वर्षांनी मान्य झालं.

आमच्या बैठकीत याच दोन अर्थांवर गाडी अडली. पहिल्या खेपेला आम्ही सरळ 'कालबाह्य' लिहिलं होतं. एका विद्यार्थिनीच्या वडिलांचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे. ती म्हणाली, "सर, आमच्याकडं ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली की जुन्यावर लाल 'ऑब्सोलीट' शिक्का बसतो. मग ते ड्रॉइंग मशीनपाशी दिसता कामा नये, नाहीतर अख्खा लॉट रिजेक्ट. हे फंक्शन कालबाह्य आहे म्हणता, मग ते अजून चालतंय कसं?" तिचं बरोबर होतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून वाढलेल्या पोरांना कालबाह्य म्हणजे तो लाल शिक्काच दिसतो. त्यांना ते फंक्शन मोडीत निघालेलं वाटतं.

गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. एनपीएमनं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्या उतरवून देणाऱ्या साधनानं, पॅकेज घेताना टर्मिनलवर 'वॉर्न डेप्रिकेटेड' अशा ओळी येतात. पहिल्या वर्षाची मुलं त्या बघून इन्स्टॉल फसलं असं समजतात आणि सगळं पुसून परत सुरू करतात. उलट जुनी मंडळी त्या ओळी वाचतच नाहीत. पायथननं तर २०१० पासून या सूचना सर्वसाधारण वापरकर्त्याला दाखवणंच बंद केलं आणि २०१८ च्या ३.७ आवृत्तीत थोड्या प्रमाणात परत आणलं. दाखवलं तर लोक घाबरतात, लपवलं तर आयत्या वेळी पाय घसरतो.

पाय कसा घसरतो ते लोडॅशच्या चौथ्या आवृत्तीत नीट दिसतं. ती जानेवारी २०१६ मध्ये आली. 'प्लक' गेलं, 'कंटेन्स' गेलं, बरीच पर्यायी नावं गेली. हे तसं परवडलं, कारण नाव सापडलं नाही की प्रोग्राम लगेच ओरडतो. 'रेस्ट' या नावाचा अर्थच बदलला: आधी ते पहिला सोडून उरलेले घटक द्यायचं, आता त्याला फंक्शन लागतं आणि ॲरे दिला तर एरर येते. हेही चालेल. खरी अडचण 'मॅक्स'ची. तिसऱ्या आवृत्तीत विद्यार्थ्यांची यादी आणि 'गुण' असं दिलं की सर्वाधिक गुणांचा विद्यार्थी मिळायचा. चौथ्या आवृत्तीत ते काम 'मॅक्सबाय'कडे गेलं आणि 'मॅक्स' दुसरं आर्ग्युमेंट (त्याला दिलेली दुसरी गोष्ट, इथे 'गुण') मुकाट्यानं सोडून देऊ लागलं. एरर नाही, सूचना नाही. यादीत सगळ्यांत वर असलेला विद्यार्थीच सर्वाधिक गुणांचा म्हणून परत मिळतो.

एका नावाखाली दोन कामं नकोत, हे कारण रास्त होतं. बदलांच्या यादीत त्याची नोंदही होती. पण वापरणारा माणूस यादी उघडत नाही, तो फंक्शनची नोंद उघडतो. आणि चौथ्या आवृत्तीत 'मॅक्स'च्या नोंदीत जुन्या आर्ग्युमेंटबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मते तिथे एक ओळ हवीच होती. आवृत्त्यांना क्रमांक कसे द्यायचे ते सांगणाऱ्या सिमँटिक व्हर्जनिंगच्या नियमांतही हाच क्रम सांगितला आहे: आधी डॉक्युमेंटेशनमध्ये कळवा, डेप्रिकेशनची खूण असलेली निदान एक छोटी आवृत्ती काढा, मगच मोठ्या आवृत्तीत फंक्शन काढून टाका. त्याच नियमांनुसार लायब्ररीनं जगाला काय देऊ केलंय ते कोडमध्ये किंवा डॉक्युमेंटेशनमध्ये जाहीर केलेलं असावं लागतं. अशा ठिकाणी लिहिलेली ओळ म्हणजे दिलेला शब्द असतो.

परत मराठी शब्दाकडे. 'त्याज्य' फार जड वाटला. 'बाद' म्हटलं की खेळ संपलाच. 'नोटीस दिलेलं' हे मला अजूनही आवडतं, कारण नोटीस लागलेला भाडेकरू घरातच असतो, पण नवा करार कुणी करत नाही. त्यावर हरकत आली की नोटिशीला मुदत असते आणि इथे बहुतेक वेळा नसते. शेवटी एका शब्दाचा हट्ट सोडला. आता आम्ही 'वापर टाळावा' असं लिहून पुढे तीन गोष्टी देतो: कोणत्या आवृत्तीपासून, त्याऐवजी काय, आणि कधी काढणार. कालबाह्य हा शब्द फक्त खरोखर काढून टाकलेल्यांसाठी ठेवला आहे.

तिसरी गोष्ट अजून जमलेली नाही. जावास्क्रिप्टचंच, स्ट्रिंगचा तुकडा कापून देणारं 'सबस्ट्र' घ्या. एडिटर त्याच्यावर काट मारून दाखवतो, टाइपस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टवर आधारलेल्या भाषेच्या नोंदीत ते डेप्रिकेटेड आहे, त्याऐवजी 'स्लाइस' वापरता येतं. पण ते काढलं तर कितीतरी जुनी संकेतस्थळं मोडतील, म्हणून ब्राउझर ते ठेवूनच आहेत. त्याच्या नोंदीत 'कधी काढणार' यापुढे काय लिहायचं यावर गेल्या रविवारी दीड तास गेला. सध्या तिथे 'काढलं जाण्याची शक्यता नाही, तरी नवीन कोडमध्ये घेऊ नये' असं आहे, आणि दोघांची त्याला अजून हरकत आहे.