दोन जिवांची ड्यूटी

पीपीई किट चढवण्याआधीची एक पायरी कुठल्याच पत्रकात छापलेली नव्हती, पण २०२० साली कोविड वॉर्डात काम केलेल्या प्रत्येक सिस्टरला ती पाठ होती: आधी बाथरूमला जाऊन यायचं. मग हात धुवायचे, बुटांवर कव्हर, अंगभर पांढरा झगा, एन-९५ मास्क, चष्मा, टोपी, वर फेसशील्ड, हातमोज्यांचे दोन जोड आणि मनगटाशी चिकटपट्टी. एकदा आत शिरलं की सहा तास, कधी आठ तास, पाणी नाही, चहा नाही, बाथरूम नाही. किट मोजून मिळायची, मध्येच काढलं की एक वाया. कित्येकजणी ड्यूटीच्या दोन तास आधीपासून पाणी बंद करायच्या. काहीजणी मोठ्यांचे डायपर लावायच्या.

हेच सगळं सातव्या महिन्यात करायचं म्हटलं तर? गर्भाशय मूत्राशयावर बसलेलं असतं. रक्तातला पातळ भाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेला असतो आणि तेवढं जास्तीचं रक्त गाळत मूत्रपिंडं ओव्हरटाइम करत असतात. पाणी प्यावं तर सहा तास कळ कशी काढायची, आणि न प्यावं तर लघवीच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण. गरोदरपणात तो साधा राहत नाही, कधीकधी वेळेआधीच कळा सुरू करून देतो. त्यात झग्याची मापं पुरुषी. पोटावर बसेल असा घेतला तर बाह्या लोंबतात, बाह्या नीट बसतील असा घेतला तर पोटाशी चेन लागत नाही. आतला घाम आतच राहतो. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, त्यामुळे उकाड्यात फार वेळ उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

श्वासाचा हिशेब आणखी नाजूक आहे. गरोदर बाईला ऑक्सिजन साधारण २० टक्के जास्त लागतो. तो मिळवायला तिचा प्रत्येक श्वास खोल होतो, आणि हे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मेंदूतल्या श्वसनकेंद्राला टोचून करवून घेतं. म्हणजे मिळकत वाढते. पण वाढणाऱ्या गर्भाशयाने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, सुमारे चार सेंटिमीटर वर ढकललेलं असतं. त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते, ती जवळपास २० टक्क्यांनी घटते. मिळकत जास्त, खर्चही जास्त आणि गाठीला मात्र कमी. ज्याचं हातावर पोट आहे त्याचा एक दिवसाचा रोज बुडाला की चूल थंड पडते. ऑक्सिजनच्या बाबतीत गरोदर बाईचं तसंच आहे. न्यूमोनियाने फुप्फुसाचा एक कोपरा बंद पडला तर इतरांना जे निभावून नेता येतं, ते तिला जड जातं. म्हणूनच एरवी डॉक्टर रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन ९२-९३ टक्क्यांवर असला तरी फार घाबरत नाहीत, पण गरोदर बाईच्या बाबतीत तो ९५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. बाळाला ऑक्सिजन मिळतो तो आईच्या रक्तातून वारेमध्ये उतरून. आईकडचा दाब घसरला की उतारच उरत नाही.

‘गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य आपल्याकडे सरसकट फेकलं जातं. ते अर्धवट आहे. शरीर अर्ध्या परक्या जनुकांचा जीव नऊ महिने सांभाळतं, त्यासाठी प्रतिकारयंत्रणा आपला रोख बदलते, हत्यार खाली ठेवत नाही. गरोदर बाईला कोविड सहज होतो असं दिसलेलं नाही. झाला तर मात्र तो जड जातो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये लक्षणं असलेल्या सुमारे चार लाख तरुण स्त्रियांची माहिती मांडली. वय आणि इतर आजार जमेस धरूनही गरोदर स्त्रियांना अतिदक्षता विभागात जावं लागण्याची शक्यता तिप्पट निघाली, व्हेंटिलेटर लागण्याची जवळपास तिप्पट आणि मृत्यूची १.७ पट.

हे अगदीच अनपेक्षित होतं असं नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतल्या १,३५० गरोदर रुग्णांची माहिती गोळा झाली होती, त्यातल्या २७ टक्के दगावल्या होत्या. २००३ मध्ये हाँगकाँगमध्ये सार्स झालेल्या १२ गरोदर स्त्रियांपैकी तिघी गेल्या. २००९ च्या स्वाइन फ्लूने पुणेकरांची झोप उडवली होती, तेव्हाही गरोदर बायका धोक्याच्या यादीत वरच होत्या. तरीही मार्च २०२० मध्ये ‘मला दिवस गेलेत, वॉर्डात जाऊ की नको?’ असं एखाद्या सिस्टरने मेट्रनना, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांना, विचारलं, तर मेट्रनच्या हाती ठाम उत्तर नव्हतं.

त्या महिन्यातली एक गोष्ट मात्र सगळ्यांनी वाचली. पुण्याच्या मायलॅब कंपनीतल्या विषाणूशास्त्रज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या चमूने सहा आठवड्यांत कोविडच्या चाचणीचं देशी किट तयार केलं, १८ मार्चला ते राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे तपासणीला दिलं आणि दुसऱ्या दिवशी मीनलताईंना मुलगी झाली. कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण अशा कौतुकाची मला थोडी धास्ती वाटते. नाइट ड्यूटी बदलून मागणाऱ्या पोटुशी सिस्टरला ‘बघा, त्या बाई शेवटच्या दिवसापर्यंत राबल्या’ असं ऐकवायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

‘वॉर्डात जाऊ की नको?’ याचं उत्तर हळूहळू आलं, देशागणिक वेगळं. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने मार्चमध्येच २८ आठवड्यांची रेघ ओढली: त्याआधी धोका तोलून, काळजी घेऊन काम करता येईल, त्यानंतर रुग्णांशी थेट संबंध नको. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० च्या उन्हाळ्यात सांगितलं की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या कर्मचाऱ्यांनी आपली स्थिती रुग्णालयाला कळवावी, म्हणजे त्यांना कमी जोखमीच्या जागी ठेवता येईल.

वाचायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. पण ‘कमी जोखमीची जागा’ म्हणजे नेमकी कुठली? बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ झाला नॉन-कोविड वॉर्ड. आता याच्या शेजारी महाराष्ट्रातलीच एक आकडेवारी ठेवून बघा. मुंबईतली प्रजनन-आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था, नायर रुग्णालय आणि राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं यांनी मिळून ‘प्रेगकोविड’ नावाची नोंदवही चालवली. पहिल्या लाटेतल्या ४,२०३ कोविडबाधित गरोदर स्त्रियांची नोंद त्यात झाली. त्यांतल्या फक्त ५३४ जणींना लक्षणं होती, म्हणजे १३ टक्के. उरलेल्या ८७ टक्के बायका दिसायला ठणठणीत होत्या. चाचणी केली म्हणून कळलं. चाचणीचा निकाल यायच्या आत कळा सुरू झालेली बाई थेट लेबर रूममध्ये येते, जोरजोरात श्वास घेते, ओरडते, आणि सिस्टर तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर उभी राहून ‘जोर लाव, अजून थोडा’ म्हणत असते. कोविड वॉर्डात निदान समोर काय आहे ते ठाऊक होतं आणि अंगावर सगळं चिलखत होतं. गरोदर सिस्टरला ‘सुरक्षित’ म्हणून जिथे पाठवलं, तिथे चिलखत पातळ होतं आणि विषाणू न सांगता येत होता.

डबा खायची खोली आणखी वेगळी. मास्क उतरवून चौघीजणी एका बाकावर बसायची ती एकच जागा, आणि ती कुठल्याच जोखमीच्या यादीत नव्हती.

कोविड नसतानाही रुग्णालय ही गरोदर बाईसाठी साधी जागा नसते, हे जाता जाता सांगायला हवं. डेन्मार्कमधल्या २२,७४४ गरोदर स्त्रियांच्या पगारपत्रकांवरून केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की आठव्या आठवड्यानंतर एकाच आठवड्यात दोन किंवा अधिक नाइट केल्या, तर पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. त्यांतल्या बहुतेकजणी रुग्णालयातल्याच होत्या. साथीच्या काळात निम्मा स्टाफ क्वारंटाइनमध्ये गेल्यावर उरलेल्यांच्या नाइट किती वाढल्या असतील, याचा अंदाज रोस्टर लावलेल्या कुणालाही येईल. २१ जून २०२० ला सूर्यग्रहण होतं. पोटुशी बाईने त्या वेळात विळी-सुरीला हात लावायचा नाही, म्हणून घरोघरच्या सासवा दक्ष होत्या. नाइट लावणाऱ्यावर नजर ठेवायला कुणी नव्हतं.

सवलत मागायची तरी ती नोकरदाराकडेच. मातृत्व लाभ कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यांतले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी घेता येतात. पण आशाताई कायद्याच्या भाषेत स्वयंसेविका. तिला पगार नाही, मानधन आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघर गेली ती हीच. घरं झाली तर पैसे, अशा हिशेबात सातवा महिना लागला म्हणून घरी बसणं परवडत नाही.

आता लशीकडे येऊ, कारण मला खरं सांगायचंय ते तिथलं आहे.

लशीच्या मोठ्या चाचण्यांमधून गरोदर स्त्रियांना बाहेर ठेवलं होतं. फायझरच्या चाचणीत ४३ हजारांवर लोक होते. भरतीच्या वेळी गरोदर असलेली एकही नाही. हेतू चांगला, बाळाला इजा नको. परिणाम असा, की डिसेंबर २०२० मध्ये लस आली तेव्हा गरोदर बाईला ती द्यावी की नाही, याबद्दल कुणाकडेही आकडे नव्हते. अमेरिकेने आकड्यांविना निर्णय घेतला: आरोग्य कर्मचारी पहिल्या रांगेत आहेत, त्यांतल्या गरोदर स्त्रियांना हवी असेल तर घेऊ द्या. आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेही आरोग्य कर्मचाऱ्यांपासूनच, पण गरोदर आणि स्तनदा माता वगळून.

अमेरिकेत लस घेणाऱ्यांच्या मोबाइलवर सीडीसी संदेश पाठवायची: ताप आला का, हात दुखतोय का, तुम्ही गरोदर आहात का? १४ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी, एवढ्या अडीच महिन्यांत ३५,६९१ जणींनी ‘हो, गरोदर आहे’ असं कळवलं. त्यांतल्या ३,९५८ जणींचा पुढे बारकाईने माग ठेवला गेला. या ३,९५८ मध्ये ९४ टक्के आरोग्य कर्मचारी होत्या. आधी दंडात सुई, मग पुरावा. आणि दंड डॉक्टर-नर्सबायांचे.

एप्रिलमध्ये पहिला अहवाल आला. काही धोक्याचं दिसलं नाही, मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण ९.४ टक्के म्हणजे एरवीइतकंच. पण त्यात एक खोच होती. तोवर गरोदरपण पूर्ण झालेल्या ८२७ जणींपैकी बहुतेकींनी लस शेवटच्या तिमाहीत घेतली होती, आणि गर्भपात म्हणायचा तो पहिल्या २० आठवड्यांतलाच. म्हणजे ज्यांचा गर्भपात होणंच शक्य नव्हतं त्यांनाही भागाकारात धरून अहवालात टक्केवारी काढली होती, ती चूक होती. यावर रास्त टीका झाली आणि लसविरोधकांनी तिचा चोथा करून वाटेल ते आकडेही फिरवले. संशोधक मात्र २० आठवड्यांआधी लस घेतलेल्या २,४५६ जणींचा माग काढून परत आले. सहाव्या ते विसाव्या आठवड्यादरम्यान गर्भपाताची शक्यता १४.१ टक्के निघाली, लशीविनाही साधारण तेवढीच असते. पुढे असंही दिसलं, की लस घेतलेल्या आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे उतरतात आणि पहिल्या सहा महिन्यांत बाळाला कोविडने रुग्णालयात जावं लागण्यापासून बऱ्याच अंशी वाचवतात. ज्या बाळाला स्वतःला लस देता येत नाही, त्याची लस आईच्या दंडातून.

एप्रिलचा तो अहवाल आला, तेव्हा आपल्याकडे दुसरी लाट भरात होती. मुंबईच्या त्याच ‘प्रेगकोविड’च्या संशोधकांनी १,५३० गरोदर आणि बाळंतिणींची दोन्ही लाटांत तुलना केली: लक्षणं असलेल्यांचं प्रमाण १४.२ वरून २८.७ टक्क्यांवर गेलं आणि मृत्यूचं ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर. त्यानंतर स्तनदा मातांना १९ मे रोजी आणि गरोदर स्त्रियांना २ जुलै २०२१ रोजी लशीची परवानगी मिळाली.

तारखा नुसत्या वाचल्या तर उशीर साडेपाच महिन्यांचा दिसतो. तो गरोदरपणाच्या आठवड्यांत मोजायला हवा. १६ जानेवारीला जी सिस्टर बारा आठवड्यांची होती, तिच्या वॉर्डातल्या सगळ्यांनी दंड पुढे केले आणि ती बाजूला उभी राहिली. एप्रिलच्या मध्यावर, खाटा मिळेनाशा झाल्या तेव्हा, तिला पंचविसावा आठवडा होता. मेच्या पहिल्या आठवड्यात तिने ब्रिटनने आखलेली २८ आठवड्यांची रेघ ओलांडली. २ जुलैला तिला छत्तिसावा. त्या दिवशी तिने कोविशील्डचा पहिला डोस घेतला असं धरलं, तर दोन डोसांमधलं अंतर तेव्हा १२ ते १६ आठवडे होतं. दुसरा डोस घ्यायला ती रांगेत उभी राहील, तेव्हा बाळ दोन महिन्यांचं झालेलं असणार.