झटके न येणारी फिट: निदानाची पार्श्वभूमी

मराठीत फिट येण्याच्या आजाराला दोन शब्द आहेत. 'आकडी' म्हटले की आखडलेले हातपाय डोळ्यांसमोर येतात. 'अपस्मार' मात्र स्मृतीबद्दल बोलतो. चरकाने त्याची व्याख्याच 'स्मृती निघून जाणे' अशी केली. व्यवहारात पुढे आकडीच उरली. म्हणून झटके न येता तासन्‌तास चाललेली फिट ओळखायला फार उशीर लागला. नाशिकच्या खेड्यापाड्यांत असा रुग्ण आजही 'बाहेरचं काहीतरी' म्हणून आधी भगताकडे जातो.

पॅरिसमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८८८ साली भान हरपून दूरवर भटकणाऱ्या रुग्णाचे वर्णन केले, पण ती फिटच होती हे दाखवायला हाती साधन नव्हते. ते हान्स बर्गर यांच्या १९२९ च्या प्रबंधाने दिले: माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी. १९३५ मध्ये अमेरिकेतील संशोधक गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी मुलांच्या 'टक लावून बघण्या'मागे सेकंदाला ३ या गतीच्या लहरी दाखवल्या. लेनॉक्स यांनीच १९४५ मध्ये अशी फिट न थांबता लांबत जाऊ शकते, हे मांडले. फ्रान्समधल्या मार्सेय इथे १९६२ मध्ये झालेल्या परिषदेपासून सततची फिट झटक्यांशिवायही असू शकते, हे वर्गीकरणात रुजू लागले.

खरा धक्का अतिदक्षता विभागाने दिला. १९९८ च्या अमेरिकेतील पाहणीत औषधांनी झटके थांबल्यावरही १४ टक्के रुग्णांच्या मेंदूत फिट अखंड सुरू होती. २००० मध्ये फिटचे कसलेही चिन्ह नसलेल्या २३६ बेशुद्ध रुग्णांपैकी ८ टक्के याच स्थितीत सापडले. २००४ मध्ये ५७० रुग्णांचा सलग ईईजी तपासला, तेव्हा १९ टक्क्यांना फिट येत होती आणि त्यातल्या ९२ टक्क्यांत ती फक्त आलेखातच दिसत होती. फिट येणाऱ्यांपैकी ८८ टक्क्यांची पहिली फिट पहिल्या २४ तासांत पकडली गेली. अर्ध्या तासाचा ईईजी 'नॉर्मल' आला म्हणून विषय संपत नाही, तो याच कारणाने.

मग उलटी अडचण आली. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडल्यावर, किंवा मूत्रपिंड कमकुवत असताना सेफेपीम हे प्रतिजैविक दिल्यावर, तीन टप्प्यांच्या लहरी येतात आणि त्या फिटसारख्याच भासतात. त्यामुळे २०१३ मध्ये ईईजी वाचण्यासाठी साल्झबर्गचे निकष आखले गेले (ऑस्ट्रियातल्या त्या शहराच्या नावावरून). १० सेकंदांत अपस्माराच्या २५ हून अधिक लहरी असतील तर फिट. त्याहून कमी असतील तर आणखी एक पुरावा लागतो: पापणी किंवा ओठाचे बारीक फुरफुरणे, लहरींचा वेग वा जागा क्रमाने बदलत जाणे, किंवा शिरेतून फिट थांबवणारे औषध दिल्यावर आलेख आणि रुग्ण दोन्ही सुधारणे. यातला 'दोन्ही' हा शब्द महत्त्वाचा. बेन्झोडायझेपिन या फिट थांबवणाऱ्या औषधगटाने यकृताच्या बिघाडातल्या लहरीही दबतात, त्यामुळे नुसता आलेख सुधारणे हा पुरावा नव्हे. औषध देऊन पाहण्याच्या या चाचणीत त्याच गटातले मिडाझोलाम साधारण १ मिलिग्रॅमच्या टप्प्याने देतात. श्वास, ऑक्सिजन आणि रक्तदाब यांवर लक्ष असते, आणि श्वास मंदावला की तिथेच थांबतात.

वेळेची रेषा २०१५ मध्ये ठरली: भान हरपणाऱ्या स्थानिक (मेंदूच्या एका भागात सुरू होणाऱ्या) फिटसाठी १० मिनिटांनंतर उपचार, आणि ६० मिनिटांपलीकडे कायमच्या नुकसानीचा धोका. सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्याहून नाशिक गाठेपर्यंत ही रेषा केव्हाच ओलांडलेली असते. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातच रक्तातली साखर तपासावी, बोट टोचून एका मिनिटात होते. त्यानंतर चिठ्ठीवर चार ओळी लिहाव्यात: शेवटचे भान किती वाजता होते, नजर एका बाजूला ओढली गेली का, पापणी फडफडते का, कोणते औषध किती दिले. वेळ मिळाल्यास मोबाइलवर चेहऱ्याचे दोन मिनिटांचे चित्रण करावे, कारण नाशिकला पोहोचेपर्यंत ओठांची ती बारीक हालचाल थांबलेली असू शकते.