मॅमोग्राफीचं प्रमाणपत्र आणि स्तनकेंद्राचं मानांकन

अमेरिकेतल्या स्तनरोग केंद्रांत ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक मान्यता देते अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी, दुसरी अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स. दोन्हींची मुदत तीन वर्षं, त्यामुळे गल्लत ठरलेलीच.

पहिली सक्तीची. १९९२च्या मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) गुणवत्ता कायद्यानुसार केंद्राला एफडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं, प्रमाणपत्र लागतं, आणि त्याआधी रेडिओलॉजी कॉलेजसारख्या एफडीएमान्य संस्थेची मान्यता. मग दरवर्षी सरकारी तपासणी होते आणि भौतिकतज्ज्ञ यंत्र पारखतो. रेडिओलॉजिस्टने २४ महिन्यांत ९६० मॅमोग्राफी तपासण्या वाचलेल्या असाव्या लागतात. अहवाल संशयास्पद असेल तर रुग्णाला साध्या भाषेतलं पत्र ७ दिवसांत मिळायला हवं.

मान्यतेसाठी पाठवलेल्या प्रतिमा नापास होतात त्या बहुतेकदा स्तन यंत्रावर नीट न ठेवल्यामुळे. तिरक्या प्रतिमेत छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला आणि स्तनाखालची घडी उलगडलेली दिसली पाहिजे. स्तनाग्रापासून मागपर्यंतचं अंतर तिरक्या आणि वरून घेतलेल्या अशा दोन्ही प्रतिमांत मोजतात. वरून घेतलेल्या प्रतिमेत ते तिरक्या प्रतिमेपेक्षा १ सेंमीहून जास्त कमी भरलं, तर मागचा भाग सुटला असं समजावं. तिथली गाठ मग कितीही अनुभवी डोळ्यांना दिसणार नाही.

हे प्रमाणपत्र मॅमोग्राम आणि त्याच्या अहवालापुरतंच. निदान सुईच्या बायोप्सीने झालं की थेट शस्त्रक्रियेने, सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि ऑन्कॉलॉजिस्ट एकत्र बसून उपचार ठरवतात का, हे पाहतं सर्जन्स कॉलेजचं एनएपीबीसी (स्तनकेंद्रांसाठीचा राष्ट्रीय मानांकन कार्यक्रम) मानांकन. ते ऐच्छिक आहे.

उपचारांची गुणवत्ता मोजणं प्रतिमा मोजण्याहून अवघड. याच कॉलेजच्या कर्करोग आयोगाचा एक निकष पाहा: स्तन राखून शस्त्रक्रिया झालेल्या ७० वर्षांखालील स्त्रीला निदानापासून ३६५ दिवसांत रेडिएशन मिळालं का? काही जणींचे उपचार खरंच राहून जातात. काही जणी घराजवळच्या दुसऱ्या केंद्रात रेडिएशन घेतात आणि त्याची नोंद परत येत नाही. आकडा दोन्हींमुळे घसरतो. दुसऱ्या कारणाला निव्वळ कागदी चूक म्हणणं आम्हाला पटत नाही, कारण नोंद नसेल तर खरोखर कोणाचे उपचार राहिले हे केंद्राला ओळखताच येत नाही.

नुसत्या तपासणीसाठी जाताना एफडीएचं प्रमाणपत्र पाहावं. ते रुग्णांना दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. बायोप्सीत कर्करोग निघाला, तर मात्र एनएपीबीसीबद्दल विचारावं आणि आपली केस तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत कधी मांडली जाणार, तेही.