पोटातल्या बाळाला आईच गार ठेवते

पोटातलं बाळ आईपेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअसने गरम असतं. एवढ्याशा फरकामुळेच त्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडते. बहुतेक उष्णता नाळेतून वारेकडे (प्लॅसेंटाकडे) जाते, तिथून आईच्या रक्तात आणि शेवटी आईच्या त्वचेवाटे हवेत. दुसरी वाट फारशी नाहीच. त्यामुळे आई तापली की बाळाची कोंडी होते.

गरोदरपणात आईच्या शरीरावर आधीच भार असतो. रक्त जवळपास दीडपट झालेलं असतं, हृदय मिनिटाला 30 ते 50 टक्के जास्त रक्त ढकलत असतं. हवा तापली की शरीर स्वतःला गार करण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवतं, आणि वारेच्या वाट्याचं रक्त कमी होऊ शकतं. त्यात घामावाटे पाणी गेलं की पाणी राखून धरणारं संप्रेरक वाढतं. त्याची घडण कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनशी बरीच मिळतीजुळती आहे. कडक उन्हाळ्यात दिवस भरण्याआधीच कळा सुरू होण्यामागे हे एक कारण मानलं जातं.

ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2020 मध्ये 27 देशांतल्या 70 अभ्यासांचा आढावा छापला. तापमान 1 अंशाने वाढलं की 37 आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी वाढते, आणि उष्णतेच्या लाटेत 16 टक्क्यांनी. मृत बाळ जन्मण्याची शक्यताही अंशामागे सुमारे 5 टक्क्यांनी वाढलेली दिसली. एकेका बाईपुरता हा धोका लहान आहे. पण लाट येते तेव्हा त्या भागातल्या सगळ्याच गरोदर स्त्रिया एकदम तिच्या तावडीत सापडतात, म्हणून हे आकडे हलक्याने घेऊ नयेत.

दमट हवा जास्त घातक. 1 लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून खाली पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. कोरड्या हवेत घाम वाळतो, पण पारा 40 च्या वर गेला की नुसता पंखा गरम वाराच अंगावर मारतो. अशा वेळी हात, मान, पाय ओले करून मग वाऱ्यात बसावं. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

जन्मलेल्या बाळाची अडचण वेगळी. वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठ्या माणसाच्या जवळपास तिप्पट, त्यामुळे गरम हवेत ते भराभर तापतं. घामही कमी येतो. तरीही सहा महिन्यांच्या आतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचं पाणी देऊ नये. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. वरच्या पाण्याने पोट भरतं, दूध कमी जातं, रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि पाणी दूषित असेल तर जुलाब लागतात. बाळाला जास्त वेळा पाजावं, आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावं. बाबागाडीवर सावलीसाठी कोरडं कापड टाकलं की आतली हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा गरम होते, हेही ध्यानात ठेवावं.

दिवसभरात सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळ मलूल पडलं, तर तडक दवाखाना गाठावा. जुलाबात जलसंजीवनी देताना 1 लिटरची पुडी पूर्ण 1 लिटर पाण्यातच विरघळवायची. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकली की मीठ जास्त होतं आणि उलट अपाय होतो.

उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. तापात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो आणि हे औषध ती खाली आणतं. उष्माघातात ती पातळी बदललेलीच नसते, शरीर बाहेरून तापलेलं असतं. बाई बरळू लागली किंवा शुद्ध हरपली तर आधी रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत तिला सावलीत डाव्या कुशीवर निजवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत राहावं आणि जोरात वारा घालावा. शुद्धीवर नसताना तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं.