रोज पेग घेणारे आजोबा आणि खुब्याचं हाड

आमच्या दुकानात वॉकर भाड्याने न्यायला येणारी मंडळी "न्हाणीत पाय घसरला" एवढंच सांगतात. आजोबा रोज किती घेतात, हे विचारल्याशिवाय निघत नाही. आम्ही आधी तेच विचारतो, राग मानू नये.

फेणीत साधारण 42 टक्के अल्कोहोल असतं. 30 मिलीच्या पेगमधून सुमारे 10 ग्रॅम पोटात जातं. रोज 3 किंवा जास्त पेग होत असतील, तर हाड मोडण्याचा धोका मोजताना डॉक्टर ते हिशेबात धरतात. घरी पेग कुणी मोजत नाही, पेला कलतो तेवढा. एकदा औषधाच्या मापाने मोजून बघा. हुर्राक, म्हणजे फेणीच्या आधी निघणारी काजूची दारू, सौम्य खरा, पण ग्लास भरून जातो.

दारूने नवं हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात. यकृत बिघडलं की ड जीवनसत्त्वाचं गणितही बिघडतं. त्यात जेवण टळून चकण्यावर भागलं, की नसा दुबळ्या होऊन तळपाय बधिर होतात. चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही, ही त्याची खूण.

पडल्यावर एक पाय आखूड दिसला, पाऊल बाहेर वळलं, तर खुबा मोडला असं धरून चाला. उभं करू नका, चोळू नका, चहापाणी देऊ नका, 108 लावा.

इस्पितळात रोजचं खरं माप सांगाच. दारू अचानक तुटली की पहिल्या दिवशी हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, सलाईन उपसली जाते. घरचे म्हणतात, भूल चढली. डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर यावर औषध देता येतं. घरीही डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका.

न्हाणीतला धरायचा दांडा जमिनीपासून 85 ते 90 सेंमीवर. जुन्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत प्लास्टिकचा गट्टा टिकत नाही; भोक भुसभुशीत होतं आणि वजन आलं की दांडा स्क्रूसकट हातात येतो. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट, लागतो. टॉवेलचा रॉड म्हणजे आधार नव्हे.

वॉकरची मूठ, हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी यावी. प्यायल्यावर मात्र वॉकरवर भरवसा नको; लघवीला उठणं वाढतं, म्हणून रात्री खाटेशेजारी कमोड खुर्ची ठेवा. वॉकरचं रबरी बूच झिजून ॲल्युमिनियम दिसू लागलं की त्याच दिवशी दुकानात आणा, बदलून देतो.